खेळात दुखापत झाली तर दाद कोठे मागावी?

भातकापणी आटोपली, खाचरे मोकळी झाली, की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर खेळांचे दिवस सुरू होतात. कुठे कबड्डी, कुठे टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने, तर शाळा-आश्रमशाळांतून क्रीडास्पर्धा. खेळ म्हटला की गुडघा फुटायचा, बोट मुरगळायचे. त्याचे कोणी मनावर घेत नाही आणि घेऊही नये. पण एखादे वेळी हात मोडतो, डोळा जातो. वाडीत नाही तर वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातला हात मोडला म्हणजे त्या घराची मिळकत मोडली. तरीही घरची मंडळी ‘नशीब आपले’ म्हणून गप्प बसतात. दरवेळी गप्प बसणे बरोबर आहे काय?

पहिली गोष्ट ही की, प्रत्येक दुखापतीला भरपाई नसते. पकड करताना खांदा निखळला, तर तो खेळाचाच भाग. मैदानात उतरणारा तेवढा धोका आपखुशीने पत्करतो, असे कायदा मानतो. पण गोलाचा खांब सैल होता, सगळ्यांना ते ठाऊक होते, तरी कोणी तो पक्का केला नाही आणि तो मुलाच्या डोक्यात पडला, तर? हा धोका मुलाने पत्करलेला नव्हता. खेळातला धक्का खेळणाऱ्याचा. खेळ भरविणाऱ्याची हयगय मात्र भरविणाऱ्याचीच. सारा कायदा या एका भेदावर उभा आहे.

इंग्लंडातले दोन खटले पाहा. १९४७ साली मैदानाबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईला क्रिकेटचा चेंडू लागला. तीस एक वर्षांत चेंडू रस्त्यावर गेला होता तो सहा वेळा. एवढ्या दुर्मीळ गोष्टीसाठी क्लबाला दोष देता येत नाही, असा १९५१ मध्ये निकाल झाला. पुढे १९७७ मध्ये दुसरा खटला आला. तिथे चेंडू शेजाऱ्यांच्या आवारात पुन्हा पुन्हा पडत होते. न्यायालयाने खेळ बंद केला नाही, पण क्लबाची हयगय ठरवून भरपाई द्यायला लावली. तात्पर्य, जे घडणार हे दिसत असते, त्याची काळजी घ्यावीच लागते.

स्पर्धा भरविणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९९१ मध्ये मायकेल वॉटसन या मुष्टियोद्ध्याच्या मेंदूला इजा झाली. रिंगणापाशी योग्य उपचारांची सोय ठेवली नाही, म्हणून तिथल्या मुष्टियुद्ध मंडळालाच न्यायालयाने जबाबदार धरले. आपल्या सामन्याला प्रथमोपचाराची पेटी आणि एक तयार गाडी ठेवणे काही अवघड नाही.

आता आपल्या देशातले उदाहरण. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुले बुडाली. शिक्षकांच्या हयगयीची जबाबदारी शाळेच्या चालकांवर येते, असे ठरून प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये भरपाई मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली. डहाणूकरांना १३ जानेवारी २०१८ चा दिवस आठवत असेल. सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नाव आपल्या किनाऱ्यासमोर उलटली आणि ३ मुली गेल्या. मुले हौसेने नावेत बसतात. पण हौसेने बसणाऱ्याने बुडण्याचा धोका पत्करला, असे कायदा मानीत नाही. माणसे किती घ्यायची, तरंगण्याची जाकिटे द्यायची की नाही, हे पाहणे नेणाऱ्याचे काम.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने पाहू.

पहिला दवाखाना. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय असो, कासा-डहाणूची उपजिल्हा रुग्णालये असोत, की वापी-सिल्वासाचा एखादा खाजगी दवाखाना असो. आधी उपचार, मग कायद्याचे सोपस्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. डॉक्टरांना इजा कशी झाली ते खरेखरे सांगा आणि तसे कागदावर लिहून घ्या. ‘घरी पडला’ असे एकदा लिहिले गेले, की पुढे ते पुसता येत नाही. केसपेपर, क्ष-किरण चित्र, औषधांच्या पावत्या, गाडीभाड्याची चिठ्ठी, सारे एका पिशवीत ठेवा. मोडका खांब, तुटलेली पायरी यांचे छायाचित्र त्याच दिवशी घ्या. आठवड्याने तिथे नवा खांब उभा असतो. पाहणाऱ्या दोघातिघांची नावे टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट शाळकरी मुलांची. १ ली ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्या रकमा २०२२ मध्ये वाढल्या. अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार रुपये. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. ही सरकारची मदत झाली, भरपाई नव्हे. ती घेतली म्हणून हयगय करणाऱ्याविरुद्धचा हक्क बुडत नाही.

तिसरा रस्ता पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हाड मोडले तर ती कायद्याने गंभीर दुखापत. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल इतक्या बेदरकारपणाने किंवा हयगयीने ती झाली, तर कलम १२५ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाला तर कलम १०६ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत. घटना आमच्या हद्दीत घडली नाही, या कारणाने फिर्याद नाकारता येत नाही. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात नाहीच घेतली, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी. पण फौजदारी कोर्ट मुख्यतः शिक्षा देते. उपचारांचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

त्या दाव्यात अज्ञान मुलाच्या वतीने आईबाप वादमित्र म्हणून उभे राहतात. सरकारविरुद्ध दावा असेल, तर साधारणपणे दोन महिने आधी लेखी नोटीस लागते. पैसे घेऊन चालणारी व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव किंवा रिसॉर्ट असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. शिक्षणसंस्था मात्र या कायद्यात येत नाहीत, असा राष्ट्रीय आयोगाचा २०२० चा निर्णय आहे. तेव्हा शाळेविरुद्ध दिवाणी कोर्टाचाच रस्ता धरलेला बरा.

‘वकिलाला पैसे कोण देणार?’ तुमचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. आदिवासी, स्त्रिया, मुले, अपंग यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांतली बहुतेक कुटुंबे यात बसतात. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

एका गोष्टीपासून मात्र जपा. अपघातानंतर कोणीतरी हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा मागतो. वाचून घेतल्याशिवाय, कोऱ्या कागदावर तर मुळीच, अंगठा देऊ नका. तडजोड वाईट नाही, पण ती लोकअदालतीत करावी. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो. मुलाच्या नावचा दावा चालू असेल, तर त्यातली तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय होत नाही.

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला या साऱ्याची धास्ती वाटण्याचे कारण नाही. ज्याने खेळाआधी मैदान पाहिले, तब्येत बरी नसलेल्या मुलाला बसविले, इजा होताच दवाखाना गाठला आणि वहीत तारीख-वेळ घालून सारे लिहिले, त्याला कायदा त्रास देत नाही. उलट ती वहीच त्याची साक्ष ठरते. पालकांकडून ‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार’ असे लिहून घेतले, म्हणजे काम संपले असे मात्र समजू नका. तेवढ्या ओळीने हयगय माफ होत नाही.

मुलांना खेळू द्या, भरपूर खेळू द्या. मैदान तेवढे आधी पाहून घ्या. आणि तरीही कोणाच्या हयगयीने मूल जायबंदी झालेच, तर कागद सांभाळा आणि महिन्याच्या आत विधी सेवा समितीचे दार ठोठवा.