वयात येणाऱ्या मुलांच्या वाट्याचा पैसा कुठे आहे?

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव आला. संततिनियमनाचा सरकारने जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्याच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात, अशी त्यात मागणी होती. ठराव बाबासाहेबांच्या विचारातला. त्यांच्या वतीने तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आलेले. ठराव फेटाळला गेला. पण गरिबाच्या आरोग्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, ही त्यामागची भूमिका आजही खरी आहे.

आज हा प्रश्न आपल्या वस्तीतल्या 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून माणसे ऊसतोडीला जातात. मागे मुलगी एकटी कशी ठेवायची, या काळजीपोटी तिचे हात पिवळे केले जातात. मुलांच्या हाती शाळेच्या वयातच माव्याची पुडी येते.

यासाठी सरकारचा कार्यक्रम नाही असे नाही. 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसन, इजा आणि हिंसा, तसेच मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असे सहा विषय त्यात आहेत. हिंसेचा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 2014 साली खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. अशा घटनांनंतर वस्तीतली मुले मनात काय भीती घेऊन शाळेत जातात, हे त्यांना कोण विचारते?

कार्यक्रम कागदावर आहे. प्रश्न पैशाचा आहे, आणि तो तीन ठिकाणी अडतो.

पहिले, किशोरवयीन मुलींच्या पोषणाची केंद्राची योजना. पूर्वी ती शाळाबाह्य मुलींसाठी सगळ्या जिल्ह्यांत होती. पोषण 2.0 मध्ये ती 14 ते 18 वयाच्या मुलींसाठी झाली, पण ईशान्येकडील राज्ये सोडली तर फक्त आकांक्षित जिल्ह्यांपुरती. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. अहिल्यानगर त्यात नाही. जामखेडची अशक्त मुलगी शेजारच्या धाराशिवच्या मुलीपेक्षा कमी अशक्त असते काय?

दुसरे, अनुसूचित जाती उपयोजना. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळावा, हा तिचा पाया. तरीही मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे मिळावेत, याला आपला विरोध नाही. पण ते आपल्याच लेकरांच्या वाट्यातून का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रातही कायदा हवा, आणि निधी वळवण्याची पळवाट त्यात नको.

तिसरे, घराजवळचा पैसा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 10 टक्के महिला व बालकांवर खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदेने सेस फंडातील 20 टक्के मागासवर्गीयांसाठी ठेवायचे असतात. हा पैसा गटार आणि पेव्हर ब्लॉकमध्येच जिरू नये. अभ्यासिका, खेळाचे साहित्य, मुलींची हिमोग्लोबिन तपासणी, व्यसनमुक्तीची शिबिरे यांसाठीही तो मागता येतो.

असा खर्च वाया जात नाही, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायकांनाही, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण एक संस्था चौदा तालुक्यांना पुरी पडणार नाही. ते काम सरकारचेच.

मग आपण काय करायचे? रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसा. वस्तीत 10 ते 19 वयाची मुले-मुली किती, शाळा सोडलेली किती, याची यादी करा. ग्रामसभेत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. मागच्या वर्षीचा 15 टक्के निधी कशावर गेला, हे माहिती अधिकारात विचारा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. शहरात राहत असाल तर हाच प्रश्न महापालिकेला विचारा.

आणि जे आज मिळते ते सोडू नका. शाळा-अंगणवाडीतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी नको. त्याबरोबर लगेच चहा पिऊ नये. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते. वयात येतानाच्या शंकांसाठी सरकारी रुग्णालयात ‘मैत्री क्लिनिक’ची चौकशी करा. मन खचले असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

जयंतीला आपण घरोघरी वर्गणी गोळा करतो आणि पै-पैचा हिशेब मागतो. सरकारी तिजोरीतही आपलीच वर्गणी आहे. तिचाही हिशेब तितक्याच हक्काने मागू या.

जय भीम!