चोवीस तासांची खबर

कोठडीत माणूस दगावला की चोवीस तासांच्या आत दिल्लीला कळवावे लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला आणि १४ डिसेंबरला त्याने सगळ्या राज्यांना हे पत्र पाठवले. खबर द्यायची जिल्हाधिकाऱ्याने आणि पोलीस अधीक्षकाने. ती वेळेत आली नाही, तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असे गृहीत धरले जाईल, असेही त्या पत्रात होते. माझ्या मते आयोगाने केलेल्या सगळ्या कामांत हे पत्र सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यामुळे तक्रार करायला कोणी उरले नसले तरी फाइल उघडते.

कोठडीतल्या मृत्यूंच्या प्रकरणांत मी कुटुंबांबरोबर बसून अर्ज लिहितो आणि पुढे आलेले कागद वाचतो. काम संथ आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात संध्याकाळी चौकशीला नेलेला विशीतला मजूर त्याच रात्री गेला. त्याची आई आली तेव्हा तिच्याजवळ दवाखान्याची एक चिठ्ठी आणि प्रेत ताब्यात मिळाल्याचा कागद, एवढेच होते. पहिला प्रश्न तिने विचारला तो पैशांचा. ‘‘भाऊ, दिल्लीला लिवायचं म्हंजी वकील लागंल नव्हं?’’ मी म्हणालो, ‘‘नाही मावशी. वकील लागत नाही, फी लागत नाही. मराठीतच लिहू, चालतं.’’ आयोगाच्या नियमांप्रमाणे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत तक्रार करता येते. पथ्ये दोन पाळावी लागतात. घटनेला वर्ष उलटायच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि तेच प्रकरण राज्याच्या आयोगापुढे चालू नसावे. घाबरलेली कुटुंबे मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे अर्ज टाकतात आणि मग त्याच कारणाने दिल्लीची फाइल मिटते.

अर्जाला आधी डायरी क्रमांक मिळतो, मग प्रकरण क्रमांक. महाराष्ट्राच्या प्रकरणांत १३ हा आकडा असतो आणि शेवटी ‘पीसीडी’ किंवा ‘जेसीडी’ ही अक्षरे: पोलीस कोठडीतला मृत्यू की न्यायालयीन कोठडीतला. त्यानंतर आयोगाचे पत्र जिल्ह्याला जाते आणि त्यात कागदांची मागणी असते. अटकेचा पंचनामा, अटकेच्या वेळी केलेली अंगाची तपासणी, स्टेशन डायरीचा उतारा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा टंकलिखित अहवाल, त्याचे चित्रीकरण, व्हिसेराचा अहवाल, मृत्यूचे अंतिम कारण आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशीचा अहवाल. हे मागवण्याचा अधिकार मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या कलम १३ मधून येतो. साक्षीदारांना समन्स काढणे, शपथेवर तपासणे, कोणत्याही कार्यालयातले दप्तर मागवणे, या बाबतींत आयोगाला दिवाणी न्यायालयाइतके अधिकार आहेत. शिक्षा मात्र तो देऊ शकत नाही. त्याची खरी ताकद दप्तर उघडायला लावण्यात आहे, आणि ती लहान नाही.

कारण कागद एकटा असतो तोवर नीटनेटका दिसतो. शेजारी दुसरा ठेवला की बोलू लागतो. त्या मजुराच्या स्टेशन डायरीत लिहिले होते की, छातीत दुखू लागल्याने त्याला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी जीपमधून रुग्णालयात रवाना केले. रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होती आणि वेळ होती एक चाळीस. अटकेच्या तपासणीत अंगावर एकही जखम नव्हती. शवविच्छेदनात पाठीवर आणि मांड्यांच्या मागे लालसर वळ नोंदवलेले होते. रंगाचा उल्लेख महत्त्वाचा, कारण ताज्या माराचा रंग निराळा आणि जुन्याचा निराळा. वळ अटकेआधीचे की नंतरचे, याचा अंदाज त्यावरून बांधतात. पायांच्या तळव्यांबद्दल त्या अहवालात एक शब्दही नव्हता. आयोगाने १९९७ मध्ये सगळ्या राज्यांना शवविच्छेदनाचा नमुना फॉर्म पाठवला, तो अशाच राहून गेलेल्या जागांसाठी. त्याआधी १९९५ मध्ये शवविच्छेदनाचे चित्रीकरण करा, असेही कळवले होते. पण चित्रीकरण झाले एवढ्याने भागत नाही. कॅमेरा दारात उभा राहून डॉक्टरांच्या पाठीच टिपत असेल, तर ते शेवटपर्यंत पाहून आयोगाला लेखी कळवावे लागते. आयोगाकडे न्यायवैद्यक तज्ज्ञांचे पॅनेल आहे. त्यांच्यापुढे नेमका प्रश्न गेला, तर उत्तरही नेमके येते.

कागद माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे पंजाबात दिसले. अमृतसर भागातल्या स्मशानांत पोलिसांनी बेवारस म्हणून किती प्रेते जाळली, हे जसवंतसिंग खालरा यांनी स्मशानाच्या नोंदी आणि सरणासाठी घेतलेल्या लाकडांचे हिशेब तपासून बाहेर काढले. सप्टेंबर १९९५ मध्ये पोलिसांनी त्यांनाच पळवून नेले आणि पुढे ठार मारले. सीबीआयच्या तपासात २,०९७ प्रेतांचा आकडा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण आयोगाकडे सोपवले. नेहमीची वर्षाची मुदत इथे आड येणार नाही, हेही न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. आयोगाने शेकडो कुटुंबांना भरपाई देवविली. पण चौकशी तीन स्मशानांपुरतीच ठेवली आणि कोणी मारले हा प्रश्न हाती घेतला नाही. इतके मोठे अधिकार हातात असताना आयोगाने स्वतःची चौकट इतकी आखडून घ्यायला नको होती, असे मला अजून वाटते.

उलट उदाहरणही त्याच आयोगाचे आहे. बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरले आणि २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले, तेव्हा आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. २००४ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला आणि तो चालला मुंबईत. कायद्याच्या कलम १८ ने दिलेली ही वाट आयोगाने त्या वेळी धैर्याने वापरली. सैन्यदलांच्या बाबतीत मात्र कलम १९ त्याचे हात बांधते. केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, त्यापलीकडे स्वतंत्र चौकशी नाही. शिवाय आयोगाच्या तपास विभागात बसतात तेही पोलीस अधिकारीच. मानवाधिकार संस्थांच्या जागतिक आघाडीने २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या आयोगाचा दर्जा कायम करणे लांबणीवर टाकले, त्यामागच्या आक्षेपांत हा एक होता. पोलिसांच्या मारहाणीची चौकशी पोलिसांकडे, हे कोणत्याही आईला पटवून सांगता येत नाही. मी तसा प्रयत्नही करत नाही.

मजुराच्या प्रकरणात आम्ही वेळांचा तक्ता करून पाठवला: एका रकान्यात डायरी, दुसऱ्यात रुग्णालय. पुढे राज्य शासनाला कारणे दाखवा नोटीस गेली, की कुटुंबाला आर्थिक मदतीची शिफारस का करू नये. शासनाचे उत्तर समाधानकारक वाटले नाही की आयोग रक्कम ठरवतो आणि शासनाला महिन्याभरात काय केले ते कळवावे लागते. ही शिफारस बंधनकारक की नाही, यावर वकिलांत वाद आहे. राज्य आयोगांच्या शिफारशी शासनाने पाळल्याच पाहिजेत, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये दिला. महाराष्ट्रातही तसेच व्हावे असे मला मनापासून वाटते.

रक्कम बँकेत जमा झाल्याचा पुरावा आयोगाकडे पोचला की फाइल बंद होऊ शकते. म्हणून मी पैसे येण्याआधीच मावशींचा आणखी एक अर्ज लिहून घेतला. त्यात दोन प्रश्न आहेत: त्या रात्री ठाण्यात कामावर कोण होते, आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला का. अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला आहे, वर प्रकरण क्रमांक घालून.