समस्थानिके मोजताना नमुना लहान झाला तर काय होतं?

नववीत आपण समस्थानिके शिकवतो. अणुअंक सारखा, अणुवस्तुमानांक वेगळा, एवढं मुलं पाठ करतात. पण 'ती मोजतात कशी, आणि किती अचूक?' असं एखाद्याने विचारलं, तर वर्गात सांगण्यासारखं एक छान उदाहरण आहे.

ऑक्सिजनची तीन स्थिर समस्थानिके आहेत: 16, 17 आणि 18. निसर्गात साधारण पाचशे अणूंमागे एकच ऑक्सिजन-18 चा असतो. खडकागणिक हे प्रमाण किंचित बदलतं. फरक अगदी लहान, म्हणून तो समुद्राच्या पाण्याशी तुलना करून 'दर हजारी' सांगतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स इथे झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडले. त्यांतले सर्वांत जुने सुमारे 440 कोटी वर्षांपूर्वीचे. प्रावरणातील खडकरसापासून बनलेल्या झिरकॉनमध्ये हा आकडा 5.3 च्या आसपास असतो. इथे काही स्फटिकांत तो 7 च्या वर मिळाला. यावरून 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी तर्क मांडला, की त्या काळी पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावं. म्हणजे एवढा मोठा निष्कर्ष हजारात दोन इतक्या फरकावर उभा आहे!

मोजणी अशी होते. सिझियम आयनांचा झोत स्फटिकावर सोडतात. केसाच्या जाडीहूनही लहान खड्डा पडतो. त्यातून उडालेले आयन चुंबकाने वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतात. ऑक्सिजन-18 चे 10 लाख आयन मोजले, तर मोजणीतली अनिश्चितता दर हजारी 1 येते. 1 कोटी मोजले तर सुमारे 0.3. आयन शंभरपट वाढले, तरच अनिश्चितता दहापट कमी होते.

आता गंमत बघा. खड्ड्याची रुंदी आणि खोली दोन्ही निम्मी केली, तर आयन आठव्या हिश्शाइतकेच मिळतात. 0.3 ची अनिश्चितता 0.85 होते. पुन्हा निम्मी केली, की 2.4! मग 5.3 आणि 7 वेगळे आहेत, असं खात्रीने सांगताच येत नाही. यंत्र कितीही महागडं आणा, नमुन्यात नसलेले अणू ते मोजणार कुठून?

मग खड्डा मोठाच का घेऊ नये? कारण स्फटिकात भेगा असतात, नंतर चढलेले थर असतात. मोठ्या खड्ड्यात ते सगळं मिसळतं आणि आकडा अचूक दिसूनही दिशाभूल करतो. शिवाय यंत्र दोन्ही समस्थानिके सारख्याच प्रमाणात पकडत नाही. तो दोष जास्त आयन मोजून जात नाही. त्यासाठी मधूनमधून माहितीतला प्रमाण झिरकॉन मोजून दुरुस्ती करावी लागते.

वर्गात हे नाण्याने दाखवता येतं. प्रत्येक मुलाला नाणं 10 वेळा उडवायला सांगा आणि छापांची टक्केवारी फळ्यावर लिहा. आकडे खूप विखुरलेले दिसतील. मग दहा-दहा मुलांची बेरीज करून बघा. टक्केवारी 50 च्या जवळ येऊ लागते. पालकांनो, घरीसुद्धा हा प्रयोग सहज होतो. आणि प्रयोगवहीत उत्तरापुढे 'अधिक-उणे किती' हे लिहायची सवय मुलांना आत्तापासूनच लावूया.