केवडा न येणारी भेंडी: परभणीच्या शेतीमराठीचा मागोवा

1986 साली ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात जांभळे आणि नेरकर या परभणीच्या संशोधकांचा छोटा लेख छापून आला. विषय होता ‘परभणी क्रांती’ ही भेंडी. शीर्षकात भेंडीच्या मागे लावलेले विशेषण असे: ‘यलो व्हेन मोझॅक-रेझिस्टंट’. पुसा सावनी भेंडीचा तिच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून मिळवलेला गुण त्या चार शब्दांत आणि एका आडव्या रेघेत मावला होता. इंग्रजीला हे सोपे पडते. शब्दांना विभक्तीचे ओझे नाही, शेजारी-शेजारी बसवले की झाले विशेषण.

हेच मराठीत आणायचे तर काय करायचे, हा प्रश्न परभणीत निदान पन्नास वर्षे जुना आहे.

तो फक्त आपलाच नाही. कृषी विद्यापीठ परभणीत 1972 साली झाले, त्याच वर्षी हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचे काम ज्वारी-बाजरीचे. म्हणून ती पुढे नायजर आणि माली या फ्रेंच चालणाऱ्या देशांतही गेली. तिथे ‘हाय-यील्डिंग’ वाणाचे फ्रेंच करणाऱ्याला रेघ जोडून भागत नाही. फ्रेंच आधी ‘वाण’ म्हणते आणि मग शेपटासारखे ‘आ ओ रांदमां’ लावते, म्हणजे ‘मोठ्या उताऱ्याचा’. ‘ड्रॉट-रेझिस्टंट’चेही तसेच: ‘दुष्काळाला टिकणारा’, शब्दयोगी अव्ययासकट. फ्रेंचला समासाचा मार्ग बहुतेक बंदच आहे. मराठीला मात्र संस्कृतची किल्ली हातात असल्यामुळे तो उघडा आहे, आणि आपली खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

परभणीचे कृषी महाविद्यालय 1956चे, म्हणजे स्थापनेच्या वर्षी हैदराबाद राज्यातले. निजामी अमलात वरचा कारभार उर्दूत होता. उस्मानिया विद्यापीठाचे भाषांतर खाते 1917 पासून इंग्रजी शास्त्रग्रंथ उर्दूत आणत होते. त्या अमलाची महसुली भाषा गावापर्यंत मुरलेली होती. जिरायत, बागायत हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत, इतके ते इथले झाले. 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, 1964मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि परिभाषेचे कारखाने संस्कृतवर चालू लागले. ‘ड्रॉट-प्रोन’चे ‘अवर्षणप्रवण’ झाले. 1973-74 पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमामुळे हा शब्द सरकारी कागदोपत्री पक्का बसला. ‘रेन-फेड’चे ‘पर्जन्याश्रयी’ झाले. शेतकरी मात्र ‘दुष्काळी पट्टा’ आणि ‘कोरडवाहू’ म्हणत राहिला. ‘कोरडवाहू’ हेही जोडविशेषणच आहे, मराठीने स्वतः घडवलेले. त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणाला वाटली, देव जाणे.

समासाचा एक गुण मान्य करायला हवा. तो नेटका असतो, तक्त्याच्या रकान्यात मावतो. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ हे शब्द लोकांनी कधीच आपले केले. पण ‘पीतशिरा-विषाणुप्रतिरोधी भेंडी’ असे कोणी छापले असते, तर मानवत-पाथरीच्या शेतकऱ्याने ते बियाणे घेतले नसते. त्याच्याकडे त्या रोगाला शब्द होता: केवडा. पानाच्या शिरा केवड्यासारख्या पिवळ्या पडतात म्हणून केवडा; कुठे हळद्या. ‘केवडा न येणारी भेंडी’ म्हटले की विषय संपला.

अर्थात संपला असे संशोधक म्हणणार नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. केवडा ज्वारीवरही येतो, तिथे तो बुरशीचा रोग असतो. शेतकऱ्याचा शब्द डोळ्यांना दिसते ते सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून चांगल्या घडीपत्रिकेत दोन्ही लागतात: आधी केवडा, मग विषाणूचे नाव.

दुसरी गुंतागुंत ‘रेझिस्टंट’ आणि ‘टॉलरंट’ यांची. पहिल्याला प्रतिकारक, दुसऱ्याला सहनशील असे शब्द रूढ आहेत. पण विक्रीच्या पिशवीवर दोन्हींचा अर्थ ‘रोग येत नाही’ असाच वाचला जातो. आधी पुसा सावनी केवड्यापुढे हरली होती. पुढे परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. विषाणू बदलतो, ते विशेषण छापताना कुठे लिहिलेले नसते. विद्यापीठाच्या शिफारशींत ‘कमी प्रमाणात बळी पडणारा’ अशी लांबलचक वाक्ये दिसतात, ती मला म्हणूनच आवडतात. ‘-णारा’ प्रत्यय लावला की क्रियापद येते, आणि क्रियापदाला किती, केव्हा, कशाने हे विचारता येते. समासाला ते विचारताच येत नाही.

सोयाबीनने हा कल आणखी पक्का केला. एमएयूएस 158 या वाणाबद्दल ‘पक्वतेनंतरही शेंगा लवकर न फुटणारा’ असे सांगितले जाते. इंग्रजीत तो एक शब्द आहे. मराठीत कापणीला मजूर मिळेना त्या दिवसाची चिंता त्यात ऐकू येते. लवकर येणाऱ्या वाणाला ‘अल्पकालावधीचे’ म्हणण्याचा मोह अजून सुटलेला नाही, जरी ‘हळवे’ आणि ‘गरवे’ ही जोडी घरात होती. ‘हायब्रीड’ मात्र आपल्या पायाने आले. ‘संकरित’ पुस्तकात राहिले. 1964च्या सीएसएच-1 ज्वारीनंतर मराठवाड्यात ‘हायब्रीड’ बेचव भाकरीचेही विशेषण झाले.

2013 पासून विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव आहे. 2018मध्ये इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ ज्वारी आली, लोह आणि जस्त जास्त असलेली. इंग्रजीत ती ‘बायोफोर्टिफाइड’, फ्रेंचमध्येही जवळजवळ तेच, मराठीत ‘जैवसंपृक्त’. हा शब्द मला हरलेला वाटतो. ‘लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी’ म्हणायला तीन शब्द जास्त लागतात, पण भाकरी थापणाऱ्या बाईला समजावून सांगायला दुसरा माणूस लागत नाही.

शेतीची परिभाषा पुन्हा तपासायला घेतली जाईल, तेव्हा समितीत भाषातज्ज्ञांबरोबर जिंतूर-गंगाखेडचे चार शेतकरी, त्यात दोन बाया, बसवा. आणि तोवर तुमच्या गावात पीक, माती, रोग यांना असलेली विशेषणे कोणीतरी वहीत उतरवून ठेवा.