साइक शीटवरचे आडाखे

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धेआधी काही दिवस एक यादी जाहीर होते. तिला ‘साइक शीट’ म्हणतात. कोणत्या शर्यतीत कोण उतरणार आणि त्या मोसमातली त्याची सर्वांत चांगली वेळ कोणती, हे तिच्यात क्रमाने लावलेलं असतं. एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या या स्पर्धेत पहिल्या सोळांना गुण मिळतात. पहिल्याला २०, मग १७, १६, १५ असं उतरत आठव्याला ११, नवव्याला ९, दहाव्याला ७ आणि सोळाव्याला १. रिलेला याच्या दुप्पट. यादी हातात आली की एक्सेल उघडायचं, नावांपुढे गुण मांडायचे, कॉलेजवार बेरीज करायची. संध्याकाळच्या चहापर्यंत विजेता तयार! मार्च आला की माझ्यासारखी हौशी माणसं हेच करत बसलेली असतात. बेरीज चुकत नाही, पण निव्वळ तिच्या भरवशावर कोणी पैज लावणार नाही.

कारण त्या वेळा एका जातीच्या नसतात. पोहणारे महिनोन् महिने दमेपर्यंत सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरवत नेतात. याला टेपर म्हणतात. अंगावरचे केसही तेव्हाच काढायचे. ज्याला मार्चच्या स्पर्धेत जागा मिळेल की नाही याचीच धाकधूक आहे, तो फेब्रुवारीतल्या कॉन्फरन्स (कॉलेजांच्या गटाच्या) स्पर्धेला पूर्ण विश्रांती घेऊन जातो आणि तिथेच आपली सर्वोत्तम वेळ काढतो. ज्याची जागा पक्की, तो त्याच स्पर्धेत थकलेल्या अंगाने, दाढी वाढवून पोहतो. साइक शीटवर हे दोघं एकाखाली एक, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या फरकाने बसलेले दिसतात. म्हणून माझ्या तक्त्यात वेळेशेजारी महिन्याचा रकाना असतो, आणि फेब्रुवारीतल्या स्पर्धांचे फोटो मी कोण दाढीत आहे हे पाहण्यासाठी चाळतो. हसण्यासारखं आहे, पण अर्ध्या आकडेवारीपेक्षा ती दाढी उपयोगी पडते.

मार्च २०२५ मध्ये पुरुषांची आणि महिलांची अशा दोन्ही स्पर्धा सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला फेडरल वे इथे झाल्या. १९९०च्या गुडविल गेम्ससाठी बांधलेला हा तलाव. महिलांच्या स्पर्धेत विजेता सांगायला गणिताची गरजच नव्हती. व्हर्जिनियाने २०२१ पासून एकही विजेतेपद सोडलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे ग्रेचेन वॉल्श होती. तिने इथेच १०० यार्ड बटरफ्लाय ४६.९७ सेकंदांत काढली. (तलाव २५ यार्डांचा, म्हणजे २२.८६ मीटरचा, मीटरच्या वेळांशी ताडून पाहू नये.) पुरुषांच्या आठवड्यात मात्र पेन्सिल खाली ठेवता येत नव्हती.

खरं काम सकाळी चालतं. २०२५च्या पद्धतीत प्राथमिक फेरीतले पहिले आठ रात्री ‘ए’ अंतिम फेरीत जायचे, पुढचे आठ ‘बी’मध्ये. प्रेक्षागारातले जाणकार यांना ‘अप’ आणि ‘डाउन’ म्हणतात आणि दर शर्यतीनंतर कॉलेजच्या नावापुढे रेघा ओढत जातात. आठव्या-नवव्यामधली सीमा क्रूर आहे. समजा, एखादा सातवा धरला होता, त्याच्या नावावर १२ गुण मांडले होते आणि तो सकाळी नववा आला. रात्री ‘बी’ फेरीत तो ‘ए’च्या विजेत्याहून वेगाने पोहला तरी ९च्या वर जात नसे. आणि ५० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये आठवा आणि सोळावा यांच्यातलं अंतर बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आतच असतं. विजेत्यांवर लेख लिहिले जातात. स्पर्धा मात्र सहाव्या ते अठराव्या क्रमांकाच्या गर्दीत फिरते. बारावा धरलेला मुलगा आठात घुसला, तर तेवढ्याने मधल्या फळीच्या संघाचा दिवस उजाडतो.

पोहण्याच्या सकाळनंतर गॅलरी निम्मी रिकामी होते. लोक जेवायला जातात आणि इकडे डायव्हिंग सुरू होतं. अंदाज बांधणाऱ्याने नेमकं तेव्हाच डबा गॅलरीत उघडावा. डायव्हर देशातल्या पाच विभागांच्या स्पर्धांतून निवडले जातात. त्यांना वेळ नाही, परीक्षकांचे गुण. आणि एका विभागातल्या परीक्षकांचा हात दुसऱ्याइतकाच सढळ असेल असं नाही. त्यामुळे साइक शीटवरची बेरीज बहुतेक जण ‘डायव्हिंग वगळून’ असं लिहून मोकळे होतात. पण १ मीटर, ३ मीटर आणि प्लॅटफॉर्म या तिन्ही प्रकारांत पहिल्याला तेवढेच २० गुण असतात. शिवाय एका संघाला अठरा जणांची मर्यादा, आणि तिच्यात दोन डायव्हर मिळून एक धरला जातो. इंडियाना विद्यापीठाला हा हिशेब फार आधीपासून कळलेला आहे. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा विजेतेपदं त्यांनी मिळवली, तेव्हा पोहण्याकडे डॉक काउन्सिलमन होते आणि डायव्हिंगकडे होबी बिलिंग्जली. फेडरल वेला अखेर टेक्सस ४९०, कॅलिफोर्निया ४७१ आणि इंडियाना ४५९ असे गुण लागले. चार दिवसांच्या बेरजेत पहिल्या-तिसऱ्यामध्ये ३१ गुण! एवढ्या फरकात डायव्हिंग वगळणं म्हणजे जेवणाच्या बिलातून गोडाधोडाचे पैसे वगळण्यासारखं आहे.

प्रशिक्षकाच्या मनातलं ओळखणं त्याहून अवघड. प्रत्येकाला वैयक्तिक शर्यती तीनच. कोणत्या तीन, हे प्रशिक्षक ठरवतो. अ‍ॅरिझोना स्टेटच्या लिओन मार्शाँने २०२२ आणि २०२३ मध्ये २०० यार्ड मेडली जिंकली होती. २०२४ मध्ये त्याने ती सोडली आणि त्याच दिवशी असलेली ५०० यार्ड फ्रीस्टाइल घेतली. तिथे त्याने ४:०२.३१ अशी वेळ दिली. कागदावर त्याचे गुण बदलले नाहीत, इथेही २० आणि तिथेही २०. पण मेडलीतली पहिली जागा मोकळी झाली, तिथले सगळे एकेक पायरी वर सरकले आणि ५००मधले सगळे खाली. असा एक निर्णय बदलला की तक्त्यातल्या दोन पानांवर खोडाखोड होते. त्या वर्षी त्याच्या अ‍ॅरिझोना स्टेटने पहिल्यांदाच विजेतेपद घेतलं, ५२३.५ गुणांनी. तो अर्धा गुण बरोबरीत आलेल्यांना वाटून दिलेल्या गुणांतून येतो.

विजेतेपदानंतर लगेच त्यांचे प्रशिक्षक बॉब बोमन, मायकेल फेल्प्सचे गुरू, टेक्ससला गेले. त्यांच्यामागोमाग हंगेरीचा हुबर्ट कोश गेला आणि फेडरल वेला त्याने टेक्ससच्या नावावर तिन्ही शर्यती जिंकल्या: दोन बॅकस्ट्रोक आणि २०० मेडली. पूर्वी पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना पदवी घेऊन जाणाऱ्यांचे गुण वजा केले की बरंचसं भागायचं. आता कोण कुठल्या कॉलेजात बदली घेतो हेही उन्हाळाभर टिपत बसावं लागतं.

सगळ्यात शेवटी ४०० यार्ड फ्रीस्टाइल रिले. तोवर बहुतेक तक्ते मिटलेले असतात, पण एक हिशेब उरतो. समजा, आघाडी २५ गुणांची आहे. प्रतिस्पर्ध्याने रिले जिंकली तर त्याला ४० मिळतील. म्हणजे आपल्याला नवव्या क्रमांकाचे १८ पुरतात. हरण्याचा एकच खरा मार्ग राहतो, तो म्हणजे आधीचा भिंतीला टेकण्यापूर्वी पुढच्याने उडी घेणं आणि रिले बाद होऊन शून्य मिळणं. अशा वेळी प्रशिक्षक सांगून ठेवतो की घाई करू नका, हात लागलेला दिसू द्या, मग निघा. पाठलाग करणारा संघ मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागावर जुगार खेळतो. प्रत्येक बदलानंतर उडीला लागलेली वेळ निकालपत्रात येते. तिथे कुठे ०.४० दिसतं, कुठे ०.०५, त्यावरून कोणत्या प्रशिक्षकाने गॅलरीतल्या आमच्यासारखीच बेरीज करून काय ठरवलं होतं, ते नेमकं कळतं.