गढवाल हिरोज : दिल्लीतील एका हौशी फुटबॉल क्लबची सात दशके

नवी दिल्ली : राजधानीच्या फुटबॉलचा इतिहास केवळ व्यावसायिक संघांच्या आधारे सांगायचा ठरवल्यास तो लवकरच संपतो. इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोज या संघाची स्थापना २०१४ मध्ये झाली. पाच हंगामांनंतर, २०१९ मध्ये, तो भुवनेश्वरला हलला आणि ओडिशा एफसी या नावाने खेळू लागला. याच शहरात १९५३ मध्ये स्थापन झालेला गढवाल हिरोज हा क्लब मात्र सात दशकांनंतरही दिल्लीतच आहे. तो इतका काळ का टिकला, याचे उत्तर त्याच्या नावातच दडलेले आहे.

चाकरमान्यांचा संघ

स्वातंत्र्यानंतर दिल्लीचा विस्तार होऊ लागला, तसा हिमालयातील गढवालमधून नोकरीसाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. गढवाल तेव्हा उत्तर प्रदेशचा भाग होता. उत्तराखंड राज्य २००० मध्ये अस्तित्वात आले. पहाडातील असंख्य घरे दिल्लीहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. कोकणातील चाकरमान्यांचे मुंबईशी जे नाते होते, तेच गढवाली माणसाचे दिल्लीशी. कोकणच्या माणसाने मुंबईत गावाच्या नावाने मंडळे काढली. दिल्लीतील गढवाली समाजाने आपल्या प्रदेशाच्या नावाने फुटबॉल संघही उभा केला.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या तालमींचे संघ अशाच सामाजिक आधारावर उभे आहेत. फरक इतकाच, की पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा संघ आपल्या पेठेत रुजलेला आहे, तर गढवाल हिरोजची नाळ सोडून आलेल्या प्रदेशाशी जोडलेली आहे. आज या संघात इतर प्रांतांतील खेळाडूही असतात. नाव मात्र गढवालचेच राहिले आहे.

ड्युरँडच्या छायेत

दिल्लीच्या स्थानिक क्लबांना मोठ्या फुटबॉलचा सहवास दीर्घकाळ लाभला. सिमल्यात १८८८ मध्ये सुरू झालेली ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीत आली. त्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ होता. पुढे दिल्ली गेटजवळचे डॉ. आंबेडकर स्टेडियम या स्पर्धेचे परिचित मैदान बनले. शहराचे साखळी सामनेही तेथेच होत आले. २०१९ मध्ये ड्युरँड कोलकात्याला गेली आणि देशातील नामवंत संघांना घरच्या मैदानावर पाहण्याची दिल्लीकरांची हमखास संधी हुकली.

दोन दरवाजे

हौशी क्लबची मर्यादा २०२० मध्ये ठळकपणे दिसली. आय-लीगमधील एका जागेसाठी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकाता आणि कल्याणी येथे पाच संघांची पात्रता स्पर्धा झाली. त्या पाचांत गढवाल होता. जागा मोहमेडन स्पोर्टिंगने पटकावली. त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या क्लबांसाठी निविदा मागविल्या आणि दिल्लीच्याच सुदेवा क्लबला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. एकाच शहरातील दोन क्लब असे दोन वेगळ्या दारांशी उभे होते. एका दाराची किल्ली मैदानावरच्या निकालात होती, तर दुसऱ्याची आर्थिक क्षमतेत.

अर्थात भांडवलामुळे प्रवेश मिळाला, तरी स्थैर्याची हमी मिळत नाही. २०२२-२३ च्या हंगामाअखेर सुदेवा आणि मुंबईचा केंकरे हे दोन्ही संघ आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेले.

वरच्या श्रेणीत खेळण्यासाठी क्लबला आता परवान्याच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. युवा खेळाडूंची जडणघडण, मैदानाची सोय, प्रशिक्षित मनुष्यबळ, कायदेशीर नोंदणी आणि चोख हिशेब या बाबी त्यात तपासल्या जातात. वर्गणी, देणग्या आणि समाजाच्या जिव्हाळ्यावर चालणाऱ्या क्लबांना यातील प्रत्येक अट खर्चाची असते. परंतु गुंतवणूकदाराने पाठ फिरवल्यावरही क्लब चालू ठेवणारी माणसे कोणत्याही निविदेतून मिळत नाहीत. गढवाल हिरोजने ती सत्तर वर्षे टिकवली आहेत. त्यांना मैदान आणि निधी यांची जोड मिळते की नाही, यावरच दिल्लीच्या फुटबॉलचे पुढचे पर्व अवलंबून राहील.