नकाशावरची तपकिरी रेघ

जबलपूर हे शहर मराठी माणसाला परके नाही. १८१७ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढेही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. प्रवासी तेथे जातो तो भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवांधार प्रपात पाहण्यासाठी. आज मी आपणांस त्याच परिसरात नेणार आहे. पण जी वस्तू दाखवणार आहे ती भूमीवर कोठेच दिसत नाही. ती फक्त नकाशावर असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर तपकिरी रंगाने काढलेली ती बारीक, वळणावळणाची रेघ म्हणजे समोच्चरेषा.

एका घमेल्यात ओबडधोबड दगड ठेवावा आणि त्यात एकेक बोट पाणी ओतीत जावे. दर वेळी पाण्याची कड दगडाला जेथे टेकते तेथे खडूने रेघ ओढावी, आणि शेवटी वरून दगडाकडे पाहावे. एकात एक बसलेली ती वेटोळी म्हणजे त्या दगडाचा समोच्च नकाशा होय. एका रेषेवरचा प्रत्येक बिंदू समुद्राच्या सरासरी पातळीपासून सारख्याच उंचीवर असतो. चढ उभा असला की रेषा दाटीने येतात, जमीन सपाट असली की त्या दूरदूर पांगतात. भेडाघाटच्या उभ्या कड्यांपाशी तर त्या एकमेकींच्या अंगावर पडतात.

या युक्तीचा इतिहास मनोरंजक आहे. १७७४ साली स्कॉटलंडमधील शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या आकर्षणावरून पृथ्वीचे वजन काढण्याचा प्रयोग झाला. डोंगराचा आकार मोजताना गणिती चार्ल्स हटन याच्यापुढे शेकडो ठिकाणांच्या उंचीचे आकडे पडले होते. सारख्या उंचीची ठिकाणे रेघेने जोडताच त्या आकड्यांच्या गर्दीतून डोंगर उभा राहिला. आपल्या देशात शास्त्रशुद्ध मोजणीचा पाया १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ घातला. तो मोजीत मोजीत उत्तरेकडे निघाला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर आजही तेथे आहे.

आता बरगीकडे वळू. जबलपूरच्या वरच्या अंगास नर्मदेवर बांधलेले हे धरण १९९० च्या सुमारास पूर्ण भरले. त्याची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने १३८७ फूट आहे. धरण भरले म्हणजे पाण्याची कड, घमेल्यातल्याप्रमाणेच, एक समोच्चरेषा होते. त्या रेषेच्या आत जे घर आहे ते बुडाले. बाहेर आहे ते राहिले. ही रेषा शोधण्यासाठी आपण पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नेहमीचा नकाशा उघडला, तर त्यावर दर वीस मीटरला एक रेषा असते. ४२० ची रेषा सापडेल, ४४० चीही सापडेल. पण ४२२.७६ ची रेषा त्यावर नाही! ती त्या दोहोंमधल्या कोऱ्या जागेत आहे.

ही कोरी जागा किती मोठी असते? शंभर पावले चालल्यावर एक पाऊल चढावे, एवढाच उतार असेल, तर वीस मीटर चढण्यास दोन किलोमीटर चालावे लागते. नकाशावर ते अंतर चार सेंटिमीटर भरेल, आणि तेवढ्या जागेत एखादे गाव, त्याची विहीर, त्याची शेते, सारे काही मावते. अशा जमिनीवर उंचीत एक मीटरची चूक झाली तर पाण्याची कड शंभर मीटर सरकते. म्हणून बुडिताची सीमा ठरवताना भूमीवर पुन्हा, बारकाईने मोजणी करावी लागते.

बरगीच्या वेळी १०१ गावांना झळ लागेल असे आधी सांगण्यात आले होते. पाणी चढले तेव्हा ती संख्या १६२ वर गेली, आणि विस्थापितांसाठी वसवलेल्या काही वसाहतींतही पाणी शिरले. साऱ्या दुःखाचा भार एका रेघेवर टाकणे न्यायाचे होणार नाही; मोजणी, हिशेब आणि लोकांना वेळेवर सांगणे ही माणसांची कामे आहेत. तथापि कागदावरचे पाणी आणि खरे पाणी यांत फरक पडला म्हणजे काय होते, हे तेथील लोकांनी भोगले आहे.

पूर्वी सर्वेक्षक मोजणीचा फळा घेऊन स्वतः डोंगर चढे. जेथे उंचीची खात्री नसे तेथे तो रेषा तुटक काढी. त्या तुटक रेषेत एक प्रामाणिकपणा होता. आज मोजलेले बिंदू संगणकाला दिले जातात. संगणकाची आज्ञावली, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, ती बिंदू जोडून त्रिकोणांचे एक जाळे विणते आणि त्या जाळ्यावरून क्षणार्धात समोच्चरेषा काढते. रस्ते, कालवे आणि धरणे यांचे आराखडे आता असेच होतात.

येथे एक साधी वाटणारी गोष्ट महत्त्वाची ठरते. रेषांमधले अंतर किती, ठळक रेषा कितव्या, रंग कोणता, आकडा कोठे, या साऱ्याची एक ठरीव शैली आज्ञावलीत आधीच भरलेली असते. अभियंत्याने काही सांगितले नाही तर तीच लागू होते. तिला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. समजा, ती दोन मीटरला बारीक आणि दहा मीटरला ठळक रेषा अशी आहे. घाटाच्या रस्त्याला ती चालेल. पण सपाट शेतजमिनीतून जाणाऱ्या कालव्याला ती निरुपयोगी आहे, कारण तेथे सारा प्रश्न अर्ध्या मीटरच्या उताराचाच असतो.

उलट बाजूचा धोका अधिक मोठा आहे. बिंदू दूरदूर घेतले असतील आणि कोणी पाव मीटरच्या रेषा मागितल्या, तरी संगणक नाही म्हणत नाही. तो त्या काढतो, त्याही अखंड आणि सुबक. शैली बदलल्याने भूमी बदलत नाही, आणि मोजणीही अधिक खरी होत नाही. बदलतो तो फक्त पाहणाऱ्याचा विश्वास. रेषा गुळगुळीत करण्याची सोयही असते. तिने नकाशा देखणा होतो, पण रेषा मोजलेल्या जागेवरून थोडी ढळू शकते.

म्हणून जाणती कचेरी ही शैली कामाच्या आरंभीच, विचारपूर्वक ठरवते आणि सर्वांच्या कोऱ्या आराखड्याच्या साच्यातच ती जपून ठेवते. मग एकाच प्रकल्पाचे दोन कागद दोन भाषा बोलत नाहीत. उंचीतील चूक दोन रेषांमधल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक नसावी, हा जुना दंडक पाळला जातो. पाचवी रेषा ठळक असावी आणि तिच्यावर आकडा असावा. मूळ जमीन फिकी आणि योजलेली जमीन गडद असावी. फूट की मीटर हे स्पष्ट लिहिलेले असावे. आणि बुडितासारख्या कामात जी पातळी निर्णायक आहे, ती रेषा ठरीव अंतरात बसो वा न बसो, स्वतंत्रपणे काढलेली असावी.

आपल्यापैकी पुष्कळांना असा नकाशा कधी काढावा लागणार नाही. पण आपल्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याचा किंवा तलावाचा नकाशा ग्रामसभेत टेबलावर पसरलेला दिसण्याचा प्रसंग येऊ शकतो. त्या वेळी संकोच न करता दोन प्रश्न विचारावेत. या दोन रेषांत उंचीचे अंतर किती? आणि माझ्या शेतात मोजणीचे बिंदू किती घेतले? उत्तर देणाराला हे प्रश्न आवडोत वा न आवडोत, ते विचारण्याचा हक्क त्या रेषेच्या काठावर राहणाऱ्या माणसाचाच आहे.